जंतूंचा शोरबा

परभणीत आमच्या घरी ईदच्या आदल्या रात्री अम्मी खमीर लावायची. नानचा मैदा भिजवताना जुन्या पिठाचा मूठभर गोळा त्यात मिसळायचा, मळून झालं की तेवढाच गोळा काढून पुढच्या वेळेसाठी झाकून ठेवायचा. खमीर जिवंत राहायचं, पण एका चालीने नाही. ताजं पीठ मिळालं की फुगायचं, अन्न संपलं की आंबट होऊन बसायचं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी माझी भाची सांगते, प्रयोगशाळांतही बरीच वर्षं हीच रीत होती. जंतूंना एकदाच अन्न द्यायचं, संपेपर्यंत वाढू द्यायचं, मग थोडे उचलून नव्या बाटलीत.

या अन्नाला शास्त्रज्ञ ब्रॉथ म्हणतात. म्हणजे आपला शोरबाच, आणि तेव्हा तो खरोखर मांसाचा असे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तो शोरबा कशाचा हा प्रश्न उभा राहिला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवत होते. युरोपात सर्रास वापरतात तो गोमांसाचा शोरबा इथे चालणार नव्हता, आणि डुकराचं तर नावच नको. हाफकिननी बकऱ्याचं मांस हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळवून शोरबा केला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढायचे. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि वर नवे लोंबू लागत. असं अनेकदा, काही आठवडे. एकाच चंबूतून पीक पुन्हा पुन्हा, फक्त शोरबा मात्र तोच.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी लस आधी स्वतःला टोचली. पुढे तिसरे आगाखान यांनी ती लोकांसमोर घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला, आणि त्यांच्या मागोमाग हजारो खोजांनी हात पुढे केला. आगाखान तेव्हा जेमतेम विशीचे होते.

करोनाच्या वेळी आमच्या मोहल्ल्यातही लोक विचारत होते, ‘इसमें क्या डाले?’ मी स्वतः तेव्हा चिडलो होतो, अडाणीपणा म्हणालो होतो. हाफकिन चिडून बसले नव्हते. त्यांनी शोरबा बदलला होता.

तो शोरबा सतत ताजा ठेवण्याची युक्ती सापडायला १९५० साल उजाडलं. पॅरिसमध्ये जॅक मोनो आणि शिकागोत अॅरन नोव्हिक व लिओ झिलार्ड, दोन्हीकडे स्वतंत्रपणे. झिलार्ड म्हणजे १९३३ साली अणूच्या साखळी अभिक्रियेची कल्पना सुचलेले, आणि नंतर अणुबॉम्बच्या वापराला विरोध करणारे. आवरत नाही अशा वाढीचा अर्थ त्यांना वेगळा सांगायला नको होता. त्यांच्या यंत्राचं नाव केमोस्टॅट. एका बाजूने ताजा शोरबा थेंबथेंब आत येतो, तितकाच जंतूंसकट बाहेर पडतो. शोरब्यात बाकी सगळं मुबलक, एकच घटक जाणूनबुजून तुटपुंजा. जंतूंची चाल तो ठरवतो. झिलार्ड-नोव्हिकनी ट्रिप्टोफॅन मोजून दिलं, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. त्यांनी तपासलेला आनुवंशिक बदल पिढ्यांच्या हिशेबाने नाही, तासांच्या हिशेबाने साचत होता. सावकाश वाढणारे जंतूही त्यातून सुटत नव्हते.

भाचीने यंदा घरीच असा एक संच मांडला. अर्ध्या लिटरची बाटली, मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी, माशांच्या टाकीचा हवेचा पंप, आणि जंतू म्हणून खमिरातलं यीस्ट. तुटपुंजी ठेवायची ती साखर. ‘मामू, इनकू भूका रखना पडता,’ ती म्हणाली. हिशेबही तिनेच समजावला. मिनिटाला साधारण ३३ थेंब, म्हणजे तासाला १०० मिली. अशा चालीत यीस्टला साडेतीन तासांत दुप्पट व्हावंच लागतं, नाहीतर ते वाहून जातं. नळी जास्त सोडली तर बाटली नितळ होते, सगळे गेले.

पहिल्यांदा तसंच झालं. चूक नळीची नव्हती, परभणीच्या मे महिन्याची होती. बेचाळीस अंशांत यीस्ट मंदावलं होतं आणि थेंब मात्र त्याच चालीने पडत होते. दुसऱ्यांदा अम्मीने बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं, माठाला गुंडाळते तसं, आणि रात्री उठून दोनदा भिजवलं.