निजामशाहीचा वारसातंटा व मियां मंजूचें पत्र

अहमदनगरची निजामशाही अकबराच्या फौजांनीं बुडविली, असें सरसकट लिहिण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें हें अर्धेंच खरें.

इ. स. १५९५ मध्यें दुसरा बुऱ्हाण निजामशहा वारला. त्याचा पुत्र इब्राहीम तख्तावर बसून चार महिने होतात न होतात तोंच विजापूरकरांशीं झालेल्या लढाईंत पडला, आणि एकदम चार दावेदार उभे राहिले. मियां मंजू यानें अहमद नांवाच्या मुलास गादीवर बसविलें. हा राजवंशांतला नव्हे, असा बोभाटा लवकरच झाला. इखलासखान हबशी यानें मोती नांवाचें एक पोर पुढें केलें. अभंगखान हबशी पहिल्या बुऱ्हाणाचा वृद्ध पुत्र शाह अली याच्या पक्षास मिळाला. खरा वारस म्हणावा तर इब्राहीमाचा तान्हा मुलगा बहादूर. आमच्या भूगावच्या उत्तरेस, जुन्नराजवळ, चावंडचा किल्ला आहे. तेथें मंजूनें त्यास अटकेंत ठेविलें होतें. चांदबिबीचा पक्ष या मुलाचा.

हबशांनीं कोंडींत धरल्यावर मंजूनें गुजरातेंत शहाजादा मुराद यास कुमकेचें पत्र धाडिलें. मोंगल येऊन पोहोंचण्यापूर्वींच मंजूनें हबशांचा मोड केला. पण बोलाविलेला पाहुणा आतां परत कसा जाणार? डिसेंबरांत वेढा पडला. सुरुंगानें तट उडाला असतां चांदबिबीनें खिंडारांत उभें राहून तो रातोरात बांधून काढविला. तरी १५९६ च्या तहांत वऱ्हाड गेलेंच.

सर्व दोष मंजूच्या माथीं मारणें सोपें आहे. परंतु मयत बुऱ्हाण स्वतः अकबराच्या आश्रयास राहिलेला होता, व त्याच्या दरबारीं १५९१ मध्यें फैजी वकील म्हणून निघाला होता. दक्षिणेवरील नजर जुनी; पत्रानें निमित्त पुरविलें, एवढेंच. संग्राहकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. निजामशाहीच्या चाकरींतील तबातबा याचा ‘बुर्हान-इ-मआसिर’ १५९६ च्या तहापाशीं थांबतो. पुढील हकीकतीसाठीं ज्याच्याकडे वळावें लागतें तो फिरिस्ता विजापूरच्या आश्रयास बसून लिहीत होता, आणि इब्राहीम पडला तो विजापूरकरांशींच लढतांना.

१६०० मध्यें चांदबिबी किल्ला देऊन मुलास वांचविण्याच्या विचारांत असतां तिच्याच लोकांनीं फितुरीचा आळ घेऊन तिला मारिलें. ऑगस्टांत किल्ला पडला. बहादुराची रवानगी ग्वाल्हेरीस झाली. मलिक अंबरानें मग शाह अलीच्याच पुत्रास, मुर्तजास, परांड्यास तख्तावर बसविलें, आणि निजामशाही १६३६ पर्यंत चालली.