जोडपं, गाडी आणि मुक्काम

अमेरिकेत गेलेल्या दोस्तांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. नवरा-बायको, आणि मागे भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर. दिवसभर गाडी हाणायची, संध्याकाळी कॅम्पग्राउंडला लावायची. तिथे पाण्याचा नळ, विजेचा खांब, संडास-बाथरूम सगळं तयार. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा अनेकांना वाटलं की चला, परदेशातली एक नवी टूम आपल्याकडेही आली. या विकांताला जरा त्या 'नव्या' टुमेचा इतिहास बघू.

मौजेसाठी चाकांवरचं घर बांधून घेण्याचा मान साधारणपणे गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरला देतात. त्याने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची गाडी करून घेतली आणि दोन घोडे, गडीमाणसं, कुत्रा आणि काकाकुवा घेऊन फिरायला निघाला. कल्पना अर्थात जिप्सींच्या गाड्यांवरून घेतलेली. आता शब्द पाहा. इंग्रजीतला 'व्हॅन' म्हणजे 'कॅरॅव्हॅन'चं तुटलेलं शेपूट, आणि कॅरॅव्हॅन आला फारसी 'कारवान'वरून. आपल्याकडे त्याला शब्द आहे तांडा!

सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने हे तांडे पाहिले होते. दहा-बारा हजार बैलांवर धान्य नाहीतर मीठ लादलेलं, सोबत बायका-मुलं, राहायला घर नाही, तंबू हेच घर. १८०३ साली वेलस्ली मराठवाड्यात असईला लढला, त्या मोहिमेत त्याच्या फौजेला धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे बैल होतेच. पुढे रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचा माल डब्यात गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरणाऱ्या माणसावरच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. तोवर तांडा थांबला होता. चालणाऱ्या काफिल्याचं नाव वस्तीला चिकटलं. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक अशाच एका तांड्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे.

पुसदच्या शेजारीच हिंगोली जिल्हा, आणि त्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा नावाचं गाव आहे. नावातल्या साखरेवरून मला या गोष्टीचा पुढचा भाग सुचला. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं, मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला माणसं हवी होती आणि मराठवाड्यात कोरडवाहू शेती होती. १९७२ च्या दुष्काळाने उरलीसुरली अडचण दूर केली. सगळ्यात मोठा लोंढा बीडचा, पण सेनगाव-हिंगोलीकडूनही दसरा-दिवाळी झाली की जोडपी निघतात. त्यांत बंजारा आहेत, वंजारी, मराठा, दलितही आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठ, भांडी, चूल, कोंबड्या, पोरं. कोल्हापूर गाठायचं तर ५०० किलोमीटरच्या आसपास प्रवास. मुक्काम पाच-सहा महिने, उसाच्या पाचटाच्या कोपीत.

या धंद्यातलं एकक मोठं चमत्कारिक आहे. मुकादम माणसं मोजत नाही, 'कोयते' मोजतो. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये नोंद जोडप्याची, बाईसाठी वेगळा रकानाच नाही. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. दोघांपैकी एकाने सुट्टी घेतली की 'खाडा', म्हणजे दंड. आता पाळी आली, दुखलं-खुपलं, तर बाईने काय करावं? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. शंभरात सुमारे सतरा! कारणं अनेक असतील, पण खाड्याची भीती आणि ज्या मुक्कामावर आडोशाचा संडास नाही तिथलं जगणं, ही दोन कारणं बायकांनी स्वतःच वारंवार सांगितली आहेत.

अगदीच काही झालं नाही असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. पोरांना गावीच राहून शिकता यावं म्हणून सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली, तीही २०२१ सालीच.

तर मंडळी, एकाच वर्षातले हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. कॅरॅव्हॅनच्या धोरणात पार्क कसा असावा ते लिहिलंय. पाणी हवं, वीज हवी, रस्ता हवा. अगदी बरोबर आहे, दोन रात्री राहायचं म्हटलं तरी माणसाला एवढं लागतंच. मग दीडशे रात्री राहणाऱ्या जोडप्याला किती लागेल? कारखान्याला कोणत्या गावाहून किती कोयते येणार हे हंगामाआधीच ठाऊक असतं. माणसं ठरलेली, महिना ठरलेला, जागाही ठरलेली. अशा ठिकाणी नळ आणि संडास बांधणं हा काही अवघड प्रश्न नाही. तो सत्तर वर्षं कुणाच्या यादीत वर आला नाही, एवढंच. पुढच्या दिवाळीत हायवेवर भरलेली ट्रॉली दिसली आणि हॉर्न वाजवायचा मोह झाला, तर हे आठवा. तीही एक जोडप्याची गाडीच आहे, आणि मुक्काम अजून लांब आहे.