माजलगावावरून जाणारी रेषा

वैमानिकाचा परवाना आणि लेखी परीक्षा यांची सांगड प्रारंभी आजच्याइतकी घट्ट नव्हती. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई करारात परवान्याच्या किमान अटी ठरल्या. त्यांनुसार खासगी वैमानिकाने इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे वळणे घेणे, इंजिनाच्या बळाविना तरंगत खाली येणे असे कसब मुख्यतः दाखवायचे असे आणि दिवे, खुणा व वाहतुकीचे नियम माहीत असले म्हणजे ज्ञानाची बाजू बहुतांशी भागत असे. हवामान, नकाशावाचन आणि इंजिनाचे शास्त्र यांचा भार विमान चालवून उपजीविका करणाऱ्यावरच होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला परवाना मिळाला तो याच काळात, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले तेव्हाही वाटेत रेडिओचे साहाय्य नव्हते. पुढे रेडिओ आला, रात्रीचे उड्डाण आले, ढगांतून केवळ यंत्रांवर विसंबून जाणे आले आणि प्रत्येक सोयीमागोमाग अभ्यासक्रमात एक प्रकरण वाढले. जुनी प्रकरणे मात्र सहसा गळाली नाहीत. आजचा विद्यार्थी ज्या ओझ्याखाली वाकतो ते असे थरावर थर चढून झालेले आहे.

माजलगाव ज्यात येते तो बीड जिल्हा या काळात निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतील डेक्कन एअरवेज ही कंपनी हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून चाले, आणि १९४७ मध्ये प्रेम माथुर या महिला वैमानिकाला नोकरी देण्याचा मान तिच्याकडे जातो. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. राज्याच्या राजधानीतील या घडामोडींचा बीडशी संबंध बेताचाच होता. जेथे सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा होता आणि उस्मानिया विद्यापीठाचे उच्च शिक्षणही उर्दूतच होते, तेथल्या मराठी मुलाला इंग्रजीतील हवाई शास्त्रापर्यंत पोचण्यासाठी दोन भाषांचे उंबरठे ओलांडावे लागत.

त्या शास्त्राचा गाभा मात्र वाटतो तितका परका नाही. हैदराबादहून छत्रपती संभाजीनगरकडे नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती माजलगावच्या परिसरावरून जाते. हैदराबादपासून माजलगावचे अंतर सुमारे १७० सागरी मैल भरते. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या बृहद्वृत्तावरील एका कलेएवढे अंतर, १.८५२ किलोमीटर. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा या वाटेवरील विमानाला उजवीकडे रेटतो. साठ मैल गेल्यावर विमान रेषेपासून चार मैल बाजूला आढळले, तर दिशेत सुमारे चार अंशांची चूक आहे, असा वैमानिकांचा ‘साठास एक’ हा ठोकताळा सांगतो. ती दुरुस्त केली नाही, तर १७० मैलांनंतर विमान अकरा मैलांहून अधिक भरकटते. सिंदफणेवरील माजलगावचा जलाशय समोर यायचा तो डाव्या हाताला सुमारे २१ किलोमीटर राहतो आणि विमान पाथरीच्या बाजूला गेलेले असते.

हे शुद्ध त्रैराशिक आहे, आणि त्रैराशिकाचा मराठी मुलखातील वारसा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’पर्यंत मागे जातो. ११५० मध्ये सिद्ध झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा हा भाग आहे आणि त्याच ग्रंथाच्या ‘गोलाध्याया’त गोलावरील गणिताचा विचार आहे. भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड म्हणजे बीड, असे काही अभ्यासकांनी मानले. परंतु ते गाव सह्याद्रीच्या आश्रयाला होते असा उल्लेख असल्याने आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे सापडल्याने, बीडचा दावा दुबळा ठरतो. गावाच्या नावातील साम्यावर इतिहास उभा करण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही.

तेव्हा आजच्या विद्यार्थ्याची अडचण गणिताची कमी आणि परीक्षेच्या रीतीची अधिक आहे. व्यावसायिक परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दिशादर्शन, हवामान, नियम व तांत्रिक विषयांच्या परीक्षा घेते. विद्यार्थ्यांच्या तोंडी यांची नावे ‘नेव्ह’, ‘मेट’, ‘रेग्ज’ अशी होतात. उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. उत्तराचे पर्याय एकमेकांना इतके लागून असतात, की वाऱ्याच्या त्रिकोणात, म्हणजे विमानाचा वेग, वारा आणि जमिनीवरील प्रत्यक्ष गती यांच्या आकृतीत, एका अंशाची ढिलाई झाली तरी शेजारचा पर्याय बरोबर वाटतो. हवामानाच्या विषयात तर अनुभवही अपुरा पडतो. बालाघाटाच्या माथ्यावर वैशाखातला वळीव पाहिलेल्या मुलाला वादळी ढग कसा फुगतो, गार वारा कसा सुटतो, गारा कधी पडतात हे ठाऊक असते. पण त्या ढगाच्या वाढ, परिपक्वता व ऱ्हास या तीन अवस्था इंग्रजी संज्ञांसह ओळखणे ही वेगळीच विद्या ठरते.

रेडिओवरील संभाषणाची परीक्षा स्वतंत्र असून ती दीर्घकाळ दूरसंचार विभागाच्या कक्षेत होती. तेथे १९५६ पासून रूढ असलेली आंतरराष्ट्रीय वर्णमाला वापरावी लागते, ज्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द असतो, म्हणजे खरखरीतही गल्लत होत नाही. माजलगावच्या उमेदवारास आपल्या गावाचे नाव तिच्यात सांगायचे झाल्यास माइक, अल्फा, ज्युलिएट, अल्फा, लिमा, गोल्फ, अल्फा, ऑस्कर, नोव्हेंबर असे सांगावे लागते.