मानेतली धमनी आणि लकवा : ऑपरेशन कोणाला, कधी?

अब्बांचा हात अचानक लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोलताना जीभ अडखळते. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. घरचे म्हणतात, "थकवा असेल, गेला." इथेच चूक होते. हा बहुधा लकव्याचा इशारा असतो. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात. एका डोळ्यासमोर काही क्षण अंधारी येणं हाही असाच इशारा असू शकतो.

मानेच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड नावाची एकेक धमनी मेंदूला रक्त पोचवते. वाढतं वय, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि बिडी-सिगारेट यांमुळे तिच्या आत चरबीचा थर साचतो. त्याचा तुकडा किंवा त्यावर बनलेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली की लकवा होतो. धमनी किती अरुंद झाली आहे, हे मानेच्या डॉपलर सोनोग्राफीत दिसतं.

ऑपरेशनमध्ये मानेवर चीर देऊन धमनी उघडतात, आतला थर काढतात आणि ती पुन्हा शिवतात. याला एन्डार्टरेक्टॉमी म्हणतात. 1953 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डिबेकी यांनी हे ऑपरेशन यशस्वी केलं.

सर्वांत जास्त फायदा कोणाला? ज्यांना इशारा मिळाला आहे आणि धमनी 70 ते 99 टक्के अरुंद आहे त्यांना. 1991 च्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात अशा रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या शंभरातल्या 26 जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा लकवा झाला. ऑपरेशन झालेल्यांत 9 जणांना. 50 ते 69 टक्क्यांत फायदा कमी, 50 च्या खाली नाही. धमनी पूर्ण बंद असेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत. काहींना स्टेंट बसवतात.

धोकेही आहेत. ऑपरेशनमुळेच लकवा किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो, नसेला इजा होऊन आवाज बसू शकतो. म्हणून सर्जनना त्यांचा स्वतःचा अनुभव आणि निकाल विचारायला लाजू नका. लक्षणं नसतील तर घाई नको. आधी औषधं आणि सल्ला.

मात्र इशारा मिळाला असेल तर थांबू नका. लक्षणं गेली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशन ठरलं तर ते शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावं. उशीर होईल तसा फायदा कमी होतो. ऑपरेशननंतरही गोळ्या चालू राहतात आणि तंबाखू कायमची बंद.