इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत कसा पोहोचतो?

"डॉक्टर, मी अंगाने बारीक, मला साखर कशी?" धानोऱ्याच्या आसपास शेतात राबणारी माणसेही हे विचारतात. तुमच्याही मनात हा प्रश्न असेल, तर त्यामागचा इतिहास वाचा.

इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत सापडले. पुढच्या जानेवारीत ते प्रथमच मधुमेही रुग्णाला टोचले गेले. साखर उतरते हे दिसले, पण इन्सुलिन पेशीला नेमके काय सांगते हे कळायला साठ वर्षे लागली.

पहिला धागा वेगळ्याच हार्मोनने दिला. आपण घाबरलो की ॲड्रेनलिन वाढते आणि साठवलेली साखर मोकळी होते. १९५० च्या दशकात सिएटलमध्ये एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांना आढळले, की साखरेचा साठा फोडणाऱ्या एन्झाइमला फॉस्फेट जोडले की ते कामाला लागते, काढले की थंडावते. जणू विजेचे बटणच! या शोधाला १९९२ मध्ये नोबेल मिळाले.

इन्सुलिनचे कोडे १९८२ मध्ये उलगडू लागले. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटले, की त्या रिसेप्टरवरच फॉस्फेट चढते. मग आतली प्रथिने एकामागून एक निरोप पुढे देतात आणि शेवटी साखरेसाठी पेशीची दारे उघडतात. ही साखळी ढिली पडली, तर इन्सुलिन भरपूर असूनही साखर रक्तातच राहते. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवत राहते आणि अखेर थकते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची बाळे अभ्यासली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरेच कमी. पण स्नायू कमी असूनही चरबी मात्र टिकलेली. पुण्यातील बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आढळले. म्हणजे काटा कमी वजन दाखवतो, म्हणून धोका नाही असे नाही. काही बारीक रुग्णांत इन्सुलिनच कमी पडते; कोणता प्रकार आहे ते तपासूनच ठरते.

एक दिलासा आहे. चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता, दुसऱ्या मार्गाने साखर आत घेतात. म्हणून जेवणानंतर थोडे चाला. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. वयाची तिशी ओलांडली असेल, तर बारीक असलात तरी जवळच्या सरकारी दवाखान्यात साखर तपासून घ्या.