तिसऱ्या रिचर्डच्या अस्थी आणि साधनचिकित्सा

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर मारला गेला. पुढे ट्यूडर राजवटीत लिहिणाऱ्या टॉमस मोरने त्यास कुबडा व वाळलेल्या हाताचा म्हणून वर्णिले. शेक्सपिअरने तेच चित्र रूढ केले. उलटपक्षी, विसाव्या शतकातील त्याच्या कैवाऱ्यांनी हे व्यंग म्हणजे केवळ शत्रूंचा अपप्रचार मानला. २०१२ साली लेस्टर येथे, जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागेवरील वाहनतळाखाली, त्याचा सांगाडा सापडला. मातृवंशाच्या जनुकीय पुराव्याने ओळख पटली. पाठीचा कणा एका बाजूस वळलेला होता. कुबड मात्र नव्हते आणि हातही निर्दोष होते. अस्थी सोर नदीत फेकल्याची दंतकथाही निराधार ठरली.

तात्पर्य, पक्षपाती साधन सर्वस्वी असत्य नसते आणि त्याचा प्रतिवादही सर्वस्वी सत्य नसतो. वृत्तान्तातील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पारखले पाहिजे. दोन बालपुतण्यांच्या हत्येच्या आरोपाविषयी या अस्थी मूकच आहेत. तेथे लिखित साधनांचीच कास धरावी लागते. उत्खनन साक्ष देते. निर्णयाची जबाबदारी इतिहासकाराचीच राहते.