फाशांत भरलेला इतिहास

1971 साली अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसमध्ये डॉन रॉविच नावाचा तरुण आठवीच्या वर्गावर इतिहासाचे सराव पाठ घेत होता, आपल्याकडे बी.एड.चे विद्यार्थी घेतात तसेच. धडा होता एकोणिसाव्या शतकात मिसूरीहून ऑरेगनला बैलगाड्यांनी गेलेल्या कुटुंबांचा. दोन हजार मैलांची ती वाट मुलांनी नुसती पाठ करू नये, म्हणून तो खोलीत जाड कागदाचा लांबलचक ताव पसरून नकाशा काढत बसला. फासे टाकायचे, पत्ते उचलायचे, गाडी पुढे सरकवायची. त्याच्याबरोबर राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर गणिताचे पाठ घेत; त्यांना बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिता येई. हा खेळ संगणकावर घालू या, असं त्यांनीच सुचवलं.

त्या संगणकाला पडदा नव्हता. टेलिफोनच्या तारेने जोडलेलं टेलिटाइप यंत्र खडखडत कागदावर उत्तर छापायचं. 3 डिसेंबरला ‘ऑरेगन ट्रेल’ वर्गात आला. शिकार करायची तर ‘बँग’ हा शब्द झटपट आणि बिनचूक टाइप करायचा. मुलांनी आपसात कामं वाटून घेतली: एकाकडे नकाशा, एकाकडे पैशांचा हिशेब, आणि ज्याची बोटं चपळ तो शिकारी. सत्र संपल्यावर प्रोग्रॅम पुसला गेला, रॉविचकडे राहिलं फक्त त्याचं छापील भेंडोळं.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला या हकिकतीचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. 1974 मध्ये रॉविच मिनेसोटाच्या शाळांना संगणक पुरवणाऱ्या सरकारी संस्थेत लागला आणि भेंडोळं समोर ठेवून सगळा प्रोग्रॅम त्याने पुन्हा टाइप केला. पहिल्या वेळी संकटं अंदाजाने घातली होती. आता तो त्या वाटेने गेलेल्या लोकांच्या रोजनिश्या वाचायला बसला. माणसं आजारी किती वेळा पडतात, हवा कुठे बिघडते, गाडी कधी मोडते, हे वाचून त्याने त्या घटनांची शक्यता बदलली. तिथले मूळनिवासी म्हणजे हल्लेखोर, ही समजूत सिनेमांनी पक्की केली होती. रोजनिश्यांत ते प्रवाशांना अन्न मिळवायला मदत करताना भेटत होते. खेळातही मग ते तसे भेटू लागले.

अभ्यास दिसतो तो इथे. पोशाख आणि तोफा हुबेहूब काढणं हे चित्रकाराचं काम. कोणती गोष्ट किती वेळा घडावी हे कागदपत्रं वाचून ठरवणं, हे इतिहास शिकवणाऱ्याचं.

पुढे बाजारातले तयार खेळच वर्गात आले. सिड मायरचा ‘सिव्हिलायझेशन’, मुलूख जिंकत साम्राज्य वाढवण्याचा खेळ, 1991 चा. त्याची 2001 मधली तिसरी आवृत्ती कर्ट स्क्वायर या संशोधकाने जगाच्या खऱ्या नकाशावर मांडून शाळेत नेली. त्याच्या नोंदी प्रामाणिक आहेत, म्हणून मला आवडतात. साधारण पाव मुलांना खेळ अवघड आणि कंटाळवाणा वाटला. ती उठून वाचनगटात गेली. (खेळ म्हटलं की सगळी मुलं रमतात असं मानणाऱ्यांनी वर्ग पाहिलेला नसतो.) आणखी पाव मुलं, विशेषतः अभ्यासात मागे पडलेली, मात्र अक्षरशः त्यात बुडाली. अमेरिकेच्या मूळनिवाशांना युरोपात वसाहती करता आल्या असत्या का, आल्या असत्या तर कशामुळे, हे त्यांना खेळून पाहायचं होतं. असा प्रश्न माझ्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही.

पण तयार खेळाचा कणा बदलता येत नाही. 2018 मध्ये याच मालिकेच्या सहाव्या आवृत्तीत कॅनडातल्या क्री लोकांचा नेता पाउंडमेकर आला, तेव्हा त्याच्या वंशजांच्या वस्तीचे मुखिया मिल्टन टूटूसिस यांनी हरकत घेतली: दुसऱ्याची जमीन जिंकणं हे आमच्या लोकांचं ध्येय कधी नव्हतंच. खास शाळांसाठी ‘सिव्हिलायझेशन’ची वेगळी आवृत्ती 2016 मध्ये जाहीर झाली होती, ती वर्गांपर्यंत पोहोचलीच नाही.

आमच्या शाळेत चार संगणक, त्यांतले दोन कार्यालयात. मी सातवीला कागदावरच पुरंदरचा तह खेळायला दिला. जून 1665. मोगलांचे सरदार मिर्झाराजे जयसिंगांना 23 किल्ले आणि 4 लाख होनांचा मुलूख द्यायचा, आपल्याकडे 12 किल्ले आणि 1 लाखाचा मुलूख राखायचा. अर्धा वर्ग मोगलांचा, अर्धा शिवाजी महाराजांचा. नियम एकच: शेजारचा वज्रगड आधीच पडलाय, बोलणी लांबली की दर दहा मिनिटांनी पुरंदरचा एक बुरूज जाणार. दहा मिनिटं हा आकडा माझाच, आणि त्याला कुठल्याही बखरीचा आधार नाही. रॉविच असता तर त्याने आधी तो तपासला असता.

मोगलांनी पहिल्यांदा राजगडच मागितला. घासाघीस संपल्यावर मी खरी यादी फळ्यावर लिहिली. लोहगड दिलेल्यांत निघाला तेव्हा महाराजांच्या बाजूची मुलं खवळली, कारण त्यांनी तो राखला होता. एका मुलाने नकाशावर बोट ठेवून दाखवलं, की राहिलेले राजगड, तोरणा, रायगड आत डोंगरात आहेत, म्हणून लोहगड सोडला असेल. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, मग कोंढाणा का दिला? तो तर राजगडावरून दिसतो.” त्यावर मोगलांकडची मुलंसुद्धा महाराजांच्या बाजूने भांडायला उठली.